बधिर हाताचा राजा

येरवड्यात राहणाऱ्याला भिंतींचं काही वाटत नाही. तुरुंगाची भिंत १८७१ पासूनची, मनोरुग्णालयाची त्यानंतरची. पुण्याच्या पेठेत कुणी विक्षिप्त वागलं की ‘याला येरवड्याला पाठवा’ म्हणतात, आणि नागपूर चाळीत नाहीतर लक्ष्मीनगरात जन्म काढलेले तुम्ही ‘तिथलेच आहोत आम्ही’ म्हणून सोडून देता. शहराला जे डोळ्यांसमोर नको ते नदीपलीकडे ठेवायचं, ही रीत तुम्हाला पाठ आहे. म्हणून आजच्या प्रवासाला तुमच्याइतका लायक माणूस दुसरा नाही.

तुरुंगाच्या कडेकडेने चालत राहा. रिक्षांचे आवाज मागे पडू द्या. साडेआठशे वर्षं मागे गेलात की डावा हात ज्या भिंतीला लागेल ती पिवळट चुनखडीची असेल, उन्हाने तापलेली. हा जेरुसलेमचा उत्तरेकडचा तट. साल ११७०. तुमच्या पाठीवर पाण्याने भरलेली पखाल आहे, तिचा ओला थंडावा कमरेपर्यंत उतरलाय. या गावाला नदी नाही; पावसाळ्यात हौद भरून घ्यायचे आणि वर्षभर पुरवायचे. त्यामुळे पखालवाल्याला कुठलंच दार बंद नसतं आणि त्याच्याकडे कुणी मान वर करून बघतही नाही. भाषा तुम्हाला कळते, एवढी सवलत घेऊ.

तटात शिरण्याआधी बाहेरच एक घर लागतं. संत लाझरसच्या नावाचं. दारात माणसं बसली आहेत. कुणाला बोटं नाहीत, कुणाच्या नाकाचा दांडा बसलेला. गावातून हाकललेले महारोगी इथे राहतात. पण नीट पाहा: दोघातिघांच्या बसण्यात लष्करी ताठा आहे. ते सरदार होते. टेम्पलर नावाची धर्मयोद्ध्यांची जी संघटना आहे, तिच्यातल्या कुणाला हा रोग झाला तर त्यानेही इथेच यायचं. तुम्ही ओंजळीत पाणी ओतता. पितात. धन्यवाद म्हणतात. तुम्ही येरवड्याचे, तुम्हाला यात नवल वाटत नाही.

आता आत चला, एका पाद्र्याच्या अंगणात. त्याचं नाव विल्यम. टायर या शहराच्या चर्चमध्ये तो वरच्या हुद्द्यावर आहे, युरोपात वीस वर्षं शिकून आलाय, आणि जेरुसलेमचा राजा अमाल्रिक याने आपला नऊ वर्षांचा मुलगा बाल्डविन त्याच्याकडे शिकायला ठेवलाय. तुम्ही कोपऱ्यातल्या रांजणात पखाल रिकामी करताय. मुलं खेळताहेत. खेळ साधा आणि दुष्ट: एकमेकांच्या दंडाला नखं रुतवायची, जो ओरडेल तो हरला. मुलं ओरडतात, हसतात, शिव्या देतात. बाल्डविन मात्र गप्प. त्याच्या उजव्या दंडावर नखांच्या चार पांढऱ्या चंद्रकोरी उमटतात, हळूहळू लाल होतात, आणि तो पुढचा कोण म्हणून बघत राहतो.

विल्यमला आधी कौतुक वाटतं. पोरगं सोशिक आहे. दुसऱ्यांदा तसंच, तिसऱ्यांदा तसंच. मग तो मुलाला जवळ बोलावतो, प्रश्न विचारतो, हात चाचपतो. उजवा हात आणि दंड अर्धाअधिक बधिर आहे. चिमटा काढला तर कळत नाही, चावलं तरी कळत नाही. हे सगळं विल्यमने पुढे आपल्या इतिहासात लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला माहीत. वैद्य आले. शेक झाले, तेलं चोळून झाली, विषारी औषधंही देऊन पाहिली. गुण आला नाही.

अमाल्रिकच्या दरबारी वैद्यांत एक अबू सुलेमान दाऊद नावाचा अरब ख्रिस्ती होता, राजाने त्याला इजिप्तहून आणलं होतं. त्याच्या मुलाने, अबुल खैरने, औषधापेक्षा उपयोगाची गोष्ट केली. त्याने बाल्डविनला घोडा शिकवला. लगाम नीट धरता येणार नाही असा हात, आणि या राज्यात घोड्यावर न बसणारा राजा म्हणजे राजाच नाही. म्हणून गुडघ्यांनी आणि मांड्यांनी घोडा वळवायचा. आवळलं की थांब, डावा गुडघा दाबला की उजवीकडे. तबेल्याशी पाणी घालायला जाल तेव्हा बघून घ्या. पोरगं पडतं, उठतं, पुन्हा चढतं. ज्याला सगळीकडे मरेपर्यंत लढणारा योद्धा म्हणतात, त्या योद्ध्याची सुरुवात या धुळीत आहे आणि ती एका अरबाच्या हाताखाली झाली आहे. क्रूसयुद्धांकडे दोन रंगांत बघणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

११ जुलै ११७४ रोजी अमाल्रिक हगवणीने गेला. चारच दिवसांनी, १५ जुलैला, पवित्र कबरीच्या चर्चमध्ये तेरा वर्षांच्या बाल्डविनच्या डोक्यावर मुकुट चढला. तारीख मुद्दाम निवडलेली. पंचाहत्तर वर्षांपूर्वी, १०९९ मध्ये, याच दिवशी युरोपातून आलेल्या क्रूसवीरांनी हे गाव जिंकलं आणि आतल्या मुसलमान व ज्यू रहिवाशांची कत्तल केली होती. गर्दीत तुमच्या शेजारी उभा असलेला कुणी त्याबद्दल बोलत नाही. उदबत्तीसारखा धूर, मेणाचा वास, लॅटिन मंत्र. मुकुट मोठा होतो की काय असं वाटण्याइतकं पोर लहान आहे.

तुम्हाला प्रश्न पडलाच असेल. याच रोगासाठी सरदाराला तटाबाहेर घालवतात, मग हा आत कसा? उत्तरात भक्तिभाव फारसा नाही. अमाल्रिकला दुसरा मुलगा नव्हता. थोरली मुलगी सिबिला मठात शिकत होती, अजून लग्न झालेलं नव्हतं. तिला गादी दिली तर नवरा कोण हा तंटा लगेच उभा राहिला असता. आणि मुलाच्या चेहऱ्यावर अजून काही दिसत नव्हतं. बधिर हात बाहीत लपतो. सरदारांना संशय होता, पण रोगाचं नाव उघडपणे घेण्यात कुणाचा फायदा नव्हता. वयात येताना रोग भडकला, चेहऱ्यावर आला, तोपर्यंत तो राजा झालेला होता. पुढे या राज्याच्या कायद्याच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं गेलं की महारोग झालेल्या सरदाराने लाझरसच्या घरात जावं. सरदाराने. राजाचा उल्लेख कुठे करायचा नाही, हे लिहिणाऱ्यांना चांगलं कळत होतं.

आता तीन वर्षं ओलांडू. नोव्हेंबर ११७७. पखाल घट्ट बांधा, कारण तुम्ही फौजेबरोबर निघाला आहात.

मुसलमान सुलतान सलादिन इजिप्तहून चालून आलाय. वेळ त्याने अचूक साधली: फ्लँडर्सचा सरदार फिलिप इथलं बरंच घोडदळ घेऊन उत्तरेला लढायला गेलाय, राज्य उघडं आहे. सोळा वर्षांचा बाल्डविन हाताशी असलेले पावणेचारशे सरदार घेऊन घाईघाईने अस्कलान या किनाऱ्यावरच्या किल्ल्यात शिरतो. सलादिनला वाटतं, पोरगं कोंडलं गेलं. तो थोडा वेळ थांबतो आणि पुढे जेरुसलेमच्या वाटेला लागतो. रामला जळतं. त्याच्या फौजेच्या तुकड्या लुटीसाठी चहूकडे पांगतात. विल्यमच्या मते ही फौज सव्वीस हजारांची. इतिहासकाराने शत्रूचा आकडा फुगवावा ही जगभरची रीत, तेव्हा तो आकडा अर्धा करून वाचलात तरी चालेल. तरीही विषमता उरतेच.

बाल्डविन अस्कलानमधून बाहेर पडतो. गाझाहून ऐंशी टेम्पलर येऊन मिळतात. किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकून मग फौज आत वळते. २५ नोव्हेंबर, संत कॅथरिनचा दिवस, मॉन्टजिसार नावाची टेकडी. दुपार कलली आहे. दूरवर सलादिनचा तळ दिसतो, सामानाचे तांडे, पसरलेली माणसं. त्याच्या खास पहाऱ्यातल्या ममलुकांनी, म्हणजे गुलाम सैनिकांनी, चिलखतांवर पिवळं रेशीम घातलंय, ते उन्हात चमकतंय. तुमच्या भोवती कुणी बोलत नाही. घोड्यांच्या तोंडाचा फेस गवतावर पडतो. तहान मात्र सगळ्यांना लागली आहे, तुमची पखाल अर्धी होते.

पुढे बेथलेहेमचा बिशप आल्बर्ट क्रूसाचा अवशेष घेऊन उभा आहे. येशूला ज्यावर चढवलं त्याच लाकडाचा हा तुकडा, अशी यांची श्रद्धा. बाल्डविन घोड्यावरून उतरतो. पाहा कसा उतरतो, जपून, पाय आधी चाचपत. क्रूसासमोर तो जमिनीवर पालथा पडतो, कपाळ मातीला टेकवतो आणि रडतो. हे मायकेल नावाच्या सीरियन धर्मगुरूने लिहिलंय. सरदार घोड्यांवरून उतरून एकमेकांना शपथा देतात, पाठ दाखवायची नाही. मग त्याला पुन्हा घोड्यावर चढवलं जातं आणि ते सुटतात.

लढाई फार वेळ चालत नाही. पांगलेली फौज गोळा व्हायच्या आत मधला भाग फुटतो. पिवळ्या रेशमाचे अंगरखे सलादिनभोवती उभे राहतात आणि बहुतेक तिथेच कापले जातात. सलादिनचा पुतण्या तकीउद्दीन याचा कोवळा मुलगा पडतो. खुद्द सलादिन वेगवान उंटावर बसून निसटतो. पळणारे दलदलीत शिरतात आणि जड होणारी चिलखतं उतरवून चिखलात टाकतात. नंतरचे दहा दिवस थंडी आणि पाऊस. इजिप्तपर्यंतच्या वाटेत कितीजण त्यानेच मेले. जिंकणाऱ्यांचीही गंमत नाही: ११०० मेले, ७५० जखमी, असा आकडा तेव्हाच्या पत्रात आहे. संध्याकाळी तुम्ही पाणी घेऊन फिरता तेव्हा कोण कुठल्या बाजूचा हे विचारत नाही. मागणारे सगळेच मागतात.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. तुमच्यापैकी अनेकांनी २००५ चा तो इंग्रजी सिनेमा पाहिला असेल, ज्यात हा राजा चांदीचा मुखवटा लावून मऊ आवाजात शहाणपणाचं बोलतो. मुखवटा सिनेमाचा. विल्यम त्याला जवळून पाहत होता आणि त्याने मुखवट्याचं नाव काढलेलं नाही. खरा बाल्डविन चेहरा घेऊनच दरबारात बसला. आणि शांततेचा पुतळाही तो नव्हता. तह केले, मोडायची वेळ आली तेव्हा लढला, शत्रूची गावं जाळणाऱ्या स्वाऱ्याही केल्या. त्याच्या काळात राजा म्हणजे हेच काम होतं.

मॉन्टजिसारनंतरची वर्षं भरभर उलटू. ११७९ च्या एप्रिलमध्ये जंगलात छापा पडला, राजाला वाचवताना त्याचा म्हातारा सेनापती हंफ्री मारला गेला. जूनमध्ये मर्ज अयूनला पराभव. तिथे राजा घोड्यावरून पडला आणि पुन्हा चढू शकला नाही, एका सरदाराने त्याला पाठीवर घेऊन रणातून काढलं. ऑगस्टमध्ये जॉर्डनच्या उतारावर त्याने बांधलेला नवा किल्ला सलादिनने उद्ध्वस्त केला. ११८० मध्ये तह. त्याच वर्षी सिबिलाचं दुसरं लग्न गी दे लुसिन्याँ नावाच्या फ्रेंच सरदाराशी झालं, आणि ते राज्याला महागात पडलं. पोपने पत्रात राजाचा रोग म्हणजे देवाचा न्याय म्हटलं. जेरुसलेमच्या शत्रूपक्षातला चरित्रकार इमादुद्दीन मात्र लिहितो की असा रोगी असूनही त्याची माणसं त्याचं ऐकत. मला तर या दोघांत इमादुद्दीनचं म्हणणं जास्त धार्मिक वाटतं.

११८३. दृष्टी गेली आहे. हातापायांवर जखमा, दोन्ही निकामी. नाझरेथला तापाने फणफणला असताना त्याने गीला कारभारी नेमलं. गीने फौज जमवली, सलादिनसमोर उभी केली आणि न लढता परत आणली. कुणी म्हणतं शहाणपणा केला. बाल्डविनला तसं वाटलं नाही. त्याने गीचा अधिकार काढून घेतला आणि सिबिलाच्या पहिल्या नवऱ्यापासून झालेल्या पाच वर्षांच्या भाच्याला २० नोव्हेंबरला आपल्याबरोबर राजा म्हणून मुकुट घातला. आजारी माणसाला घरचे सांगतात ना, आता सगळं सोड, आराम कर? त्यालाही सांगणारे होते. त्याने नाही म्हटलं.

त्याच दिवसांत कराकचा किल्ला वेढ्यात होता, मृत समुद्रापलीकडे. आत लग्न चालू होतं: राजाची सावत्र बहीण इझाबेला, वय अकरा. जेरुसलेममध्ये दावीदच्या बुरुजावर आग पेटवली गेली, मदत येते आहे एवढं कराकला कळावं म्हणून. आणि मदतीच्या फौजेबरोबर एक डोली निघाली.

ती डोली तुम्ही उचलणार आहात. पखाल खाली ठेवा. दोन घोड्यांमध्ये बांधून नेतात तरी खडकाळ उतारावर माणसाचा खांदा लागतोच. पडद्याआडून औषधी तेलाचा आणि कुजलेल्या जखमेचा वास येतो. आत बावीस वर्षांचा आंधळा माणूस पडून आहे आणि खडखडीत आवाजात विचारतोय की पुढची तुकडी कुठवर पोहोचली. पुण्याच्या माणसाला इथे थेऊर आठवल्याशिवाय राहायचं नाही. सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं घेतलेला, क्षयाने पोखरलेला, अखेरपर्यंत हैदर आणि निजामाची चिंता वाहणारा माधवराव २७ व्या वर्षी तिथे गेला. दोघांच्या मागे जे आलं तेही सारखंच: घरातली भांडणं.

डोली कराकला पोहोचायच्या आत, ४ डिसेंबरला, सलादिनने वेढा उठवला. तो राजाला घाबरला म्हणणं भाबडेपणाचं होईल, त्याच्याही फौजेला हंगाम संपत आला होता. पण राजा आला, हे त्याला कळलं होतं. बाल्डविन ११८५ च्या वसंतात वारला, वय तेवीस-चोवीस, आणि बापाशेजारी पवित्र कबरीच्या चर्चमध्ये पुरला गेला. भाचा पुढच्या वर्षी गेला. गी राजा झाला. ४ जुलै ११८७ रोजी हत्तीनला त्याने सगळी फौज पाण्यावाचून माळावर नेली आणि बुडवली. पखालवाल्याला विचारलं असतं तरी त्याने नको सांगितलं असतं. २ ऑक्टोबरला जेरुसलेम सलादिनच्या ताब्यात.

परत येताना एक मुक्काम करू. १९३२, तुमचंच येरवडा, भिंतीच्या आत. गांधी इथे कैदेत आहेत. याच तुरुंगात, कुष्ठरोगी कैद्यांच्या वेगळ्या भागात, परचुरेशास्त्री आहेत. संस्कृतचे पंडित, सत्याग्रही. एकाच आवारात राहून दोघांना भेट नाही, चिठ्ठ्या जातात. म्हणजे शहराने नदीपलीकडे ठेवलेल्या तुरुंगात आणखी एक भिंत. बाहेर तेव्हा १८९८ चा कायदा लागू होता, निराधार कुष्ठरोग्याला पकडून डांबता येईल असा. तो आपण २०१६ पर्यंत पुस्तकात ठेवला. सुटल्यावर घरादाराला पारखे झालेले शास्त्री १९३९ मध्ये सेवाग्रामला येऊन थांबले. गांधींनी त्यांना जवळच झोपडी बांधून दिली आणि स्वतःच्या हाताने त्यांचं अंग चोळलं. शास्त्रींचे शेवटचे दिवस वर्ध्याजवळ दत्तपूरला, मनोहर दिवाणांच्या कुष्ठधामात गेले.

बाल्डविनच्या थोरवीची गाणी गायला मला फारसं आवडत नाही. त्याला औषध नव्हतं, पण डोली होती, वैद्य होते आणि आज्ञा पाळणारी माणसं होती. लाझरसच्या दारात बसलेल्या सरदारांजवळ तोच रोग होता आणि तितकंच शौर्य असेल. त्यांची नावं विल्यमने लिहिली नाहीत.

आता घरी पोहोचला असाल तर एक काम करा. विल्यमला जी खूण अंगणात सापडली तीच आजही सांगितली जाते: कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा, आणि तिथे चिमटा काढला तर न कळणं. हा रोग जंतूचा आहे हे हॅन्सन नावाच्या डॉक्टरने १८७३ मध्ये दाखवलं. १९८२ पासून त्यावर एकत्र गोळ्यांचा उपचार आहे, सहा महिने किंवा बारा महिने, सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यात मोफत. वेळेत घेतल्या तर बोटं जात नाहीत, डोळे जात नाहीत, आणि घर सोडावं लागत नाही. घरात, चाळीत, कामावर कुणाच्या अंगावर असा चट्टा दिसला तर त्याला घेऊन दवाखान्यात जा. तपासायला दोन मिनिटं लागतात.